खिळा

बातामहून मामा आला तेव्हा भात पोटरीत होता.
एक दिवस फेरीबोट, एक रात्र बस,
पायांना सूज, खांद्यावर राइस कुकरचं खोकं.
आईने पहिला प्रश्न विचारला तो
"जेवलास का?" असा नव्हे,
"परत कधी?" असा.
त्यात राग नव्हता. आमच्याकडे असंच विचारतात.

आमच्याकडे घर बाईचं.
खाचरं बाईची, घरामागचं तळं बाईचं,
तळ्यातले मासे आणि त्यांच्यावर टपलेला बगळासुद्धा,
आजी म्हणायची, आपलाच.
पुरुष बायकोच्या घरी पाहुणा, आणि आईच्या घरी
ज्याला सगळे विचारून करतात
पण ज्याला निजायला खोली नसते, असा कुणीतरी.
सात वर्षांचा झाला की मुलगा रात्री प्रार्थनाघरात झोपायला जातो.
मामाही गेला होता, काखेत उशी मारून.
तिथून पादांग, मग दुमाई, मग बाताम.
उशी कुठे सुटली ते तो सांगत नाही.

या खेपेला त्याच्याजवळ एक कागद होता.
सरकारी मोजणी, फुकट;
दाखला मिळाला की बँक पैसे देणार,
पैशांत एक जुना ट्रक,
ट्रकमध्ये आपली दालचिनी, आपली मिरची,
दलालाला वगळून थेट पेकानबारूला.
ताटातल्या भातात बोटाने रस्ते काढत
त्याने हे सांगितलं.
मला पटलंही होतं.

मोजणीवाला आला. रबरी बूट, हातात यंत्र.
हद्द कुठे?
आईने सुपारीचं झाड दाखवलं,
ओढ्याकाठची लाल पानांची झुडपं दाखवली,
मग एक मोकळी जागा: "इथे फणस होता."
यंत्राने नसलेला फणसही टिपून घेतला.

"मालकाचं नाव?"
कागदावर एकच ओळ होती.
आई बोटांच्या पेरांवर मोजू लागली:
"मी रोस्मानिदार. माझी आई सिती जावाहिर.
तिची आई, जिला गाव नुसतं लांबकेसी म्हणायचं.
ही यूसनेली. हिची मुलगी."
तेव्हा मी चौदा वर्षांची होते.
मोजणीवाल्याचं पेन थांबलं.
"मावशी, हयात आहेत त्यांतलं एक सांगा."
"मग खोड तूच," आई म्हणाली.
"मला कुणाला वगळता येत नाही."

खाली सहीची जागा होती. कुळाचा प्रमुख.
म्हणजे मामा.
ज्याच्या नावावर एक वाफा नाही
त्याच्या सहीवाचून आमच्यात एक वाफा गहाण पडत नाही.
त्याने पेन घेतलं.
बराच वेळ खाचराकडे पाहत राहिला.
बदकं एकामागून एक पाण्यात उतरत होती,
शेवटचं जरा लंगडत.
मग त्याने टोपण लावलं.
"कापणी होऊ दे," म्हणाला,
जसा काही कापणीचा याच्याशी संबंध होता.

त्या रात्री आईने दारामागे एक खिळा ठोकला.
बोलली काहीच नाही.
मामाने शर्ट अडकवला.
नऊ दिवस तो तिथे होता.

बस पहाटे चारला मशिदीपाशी थांबते.
टपावर मिरचीची पोती, कोंबड्यांची खुराडी, कुणाचं तरी कपाट.
मी त्याला पोचवायला गेले, मांडीवर रेंदांगचा डबा.
म्हटलं, "मामा, मलाही ने."
तो हसला नाही.
"तुला जमीन आहे ना गं," म्हणाला,
आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात.

आता वीज गेली की राइस कुकर नुसतं भांडं असतो.
कार्यालयाच्या वहीत आमच्या शेतापुढे "अपूर्ण" लिहिलंय.
खिळा गंजलाय, पण धरून आहे.
कधीमधी मी त्याला माझी पिशवी अडकवते,
दोन जोड कपडे, कंगवा, ओळखपत्र,
आणि रात्रभर ती तशीच राहू देते.
सकाळी उतरवावी लागते.
त्याच पिशवीत मग बियाणं भरते.